चार पोर्तुगीज शब्द आणि आमची तीन ओळींची वही

 

मागच्या वेळी आम्ही आमसुलं कशी सुकवायची आणि पावसाळ्यात ती बुरशीपासून कशी जपायची, ते सांगितलं होतं. आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बायकांना हे काय सुचलं! आज आम्ही चार पोर्तुगीज शब्दांबद्दल बोलणार आहोत. ते इंग्रजीत नीट कसे आणायचे, याबद्दल. पण रेडिओ बंद करू नका. या चार शब्दांमुळे आमची स्वतःची एक मोठी चूक आमच्या लक्षात आली. त्या चुकीची किंमत आमच्यातल्या एका काकींनी मोजली होती. ती गोष्ट शेवटी सांगणार आहोत.

आमचा गाव गोव्याच्या हद्दीला लागून आहे. अर्ध्या घरांतली माणसं रोज सकाळची बस पकडून गोव्यात कामाला जातात. आमच्या गटातल्या एका वहिनींची मुलगी गोव्यात राहून भाषाशास्त्रात एम.ए. करते. भाषाशास्त्र म्हणजे भाषा कशी चालते, शब्द कुठून येतात, वाक्य कसं उभं राहतं, याचा अभ्यास. तिला एका जुन्या व्याकरणाच्या पुस्तकाबद्दल इंग्रजीत निबंध लिहायचा होता. पुस्तक पोर्तुगीज भाषेतलं. त्याचं नाव आहे, ‘आर्ते दा लिंग्वा कानारीं’. झाले चार शब्द.

मुलीनं काय केलं? आजकाल सगळे करतात तेच. फोनमध्ये नाव घातलं आणि इंग्रजी मागितलं. फोननं लगेच सांगितलं, ‘द आर्ट ऑफ द कॅनरीज लँग्वेज’. म्हणजे कॅनरीज भाषेची कला. तिनं तसंच निबंधात लिहिलं. सरांनी त्याखाली लाल रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, ‘शब्द इंग्रजी आहेत, पण हे इंग्रजी नव्हे. आणि अर्थही हा नव्हे.’

गणपतीत मुलगी घरी आली. त्या महिन्याची आमची बैठक त्याच घरी, पडवीत होती. ती एका कोपऱ्यात तो निबंध घेऊन बसलेली. एका काकींनी विचारलं, ‘काय गो बाय, तोंड कित्याक पाडलंस?’ तिनं सांगितलं. भाषेची कला म्हटल्यावर दुसऱ्या काकी म्हणाल्या, ‘म्हणजे भाषेचा चित्र काढतत की काय?’ सगळ्या हसल्या. पण काकींनी हसत हसत बरोबर ठिकाणी बोट ठेवलं होतं.

आता त्या पुस्तकाची थोडी माहिती सांगतो. ते लिहिणारा माणूस पोर्तुगीज नव्हता, इंग्रज होता. त्याचं नाव थॉमस स्टीफन्स. पोर्तुगीज लोक त्याला पाद्री एश्तेव्हांव म्हणत. जन्म १५४९ च्या सुमाराचा. १५७९ साली तो जहाजानं गोव्यात उतरला आणि १६१९ मध्ये मरेपर्यंत इथेच राहिला. चाळीस वर्षं! त्यातली बरीचशी साष्टी भागात गेली. आपल्या मराठीत ओव्यांचं जे ‘क्रिस्तपुराण’ आहे, ते याच स्टीफन्सचं. १६१६ साली ते राशोल इथे रोमन लिपीत छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या आहेत त्यात. घर सोडून समुद्रापलीकडे आलेल्या इंग्रज माणसानं मराठीत अकरा हजार ओव्या रचल्या, यावर आमच्या काकींचा विश्वासच बसेना.

याच माणसानं इथल्या लोकांच्या बोलीचं व्याकरण पोर्तुगीजमध्ये लिहून ठेवलं होतं. दुसऱ्या पाद्र्यांनी त्यात भर घातली, दुरुस्त्या केल्या, आणि स्टीफन्स गेल्यानंतर एकवीस वर्षांनी, १६४० मध्ये, ते राशोललाच छापलं. तेच हे ‘आर्ते दा लिंग्वा कानारीं’. कोंकणीचं छापलेलं पहिलं व्याकरण.

आता एकेक शब्द हातात घेऊ. तांदूळ निवडताना घेतो तसा.

पहिला शब्द ‘आर्ते’. आजच्या पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ कला, हे खरंच आहे. फोन खोटं बोलला नाही. पण चारशे वर्षांपूर्वी पुस्तकाच्या नावात ‘आर्ते’ आलं, की त्याचा अर्थ शिकण्याचं शास्त्र, पद्धतशीर नियम असा व्हायचा. त्यापुढे एखाद्या भाषेचं नाव आलं, की सरळ व्याकरण. हा अर्थ लॅटिनमधून आलेला. युरोपातल्या जुन्या शाळांत ज्या सात ‘कला’ शिकवत, त्यांत पहिलीच व्याकरणाची होती. गणितही कलाच आणि खगोलशास्त्रही कलाच.

आम्ही स्वतः बी.ए. आहोत. बॅचलर ऑफ आर्ट्स. आमच्या दाखल्यावर कला शाखा असं लिहिलंय. पण आम्ही तीन वर्षं चित्रं काढली नाहीत. इतिहास वाचला, मराठी वाचलं. म्हणजे ‘आर्ट’ शब्दाचा तो जुना अर्थ आमच्या दाखल्यात इतकी वर्षं होता आणि आम्हालाच त्याचा पत्ता नव्हता. हे त्या मुलीनं दाखवलं.

तिनं आणखी दोन पुस्तकं सांगितली. त्याच काळातली, त्याच पंथाच्या पाद्र्यांची. ब्राझीलच्या किनाऱ्यावर जी भाषा सगळ्यांत जास्त बोलली जायची, तिचं व्याकरण जुझे द आंशियेता यांनी लिहिलं. ते १५९५ मध्ये पोर्तुगालात कुईंब्रा इथे छापलं. त्याच्या नावात ‘आर्ते’ आहे. जपानी भाषेचं व्याकरण जुआंव रुद्रिगिश यांनी लिहिलं. ते नागासाकीला १६०४ ते १६०८ या काळात छापलं. त्याचंही नाव ‘आर्ते’. ब्राझील, जपान आणि आपलं गोवा, तिन्ही ठिकाणी एकच शब्द, एकाच प्रकारच्या पुस्तकाला. म्हणजे तो शब्द कला नव्हे, पुस्तकाची जात सांगतोय. एका जागी शब्द अडला तर तोच शब्द आणखी दोन-तीन जागी काय काम करतो ते बघायचं, ही युक्ती आम्ही तिच्याकडून शिकलो.

आणि मैत्रिणींनो, ब्राझीलच्या त्या किनाऱ्यावरच्या भाषेला तुपी म्हणतात. आपला ‘काजू’ हा शब्द तिथलाच. तुपीतून पोर्तुगीजमध्ये गेला, आणि पोर्तुगीजांबरोबर झाडासकट इथे आला. आमच्या गटाचा धंदाच काजूगराचा. हे ऐकल्यावर मघाशी हसणाऱ्या बायका सरसावून बसल्या.

दुसरा आणि तिसरा शब्द, ‘दा लिंग्वा’. याचा अर्थ ‘भाषेचं’. यात अडचण नाही असं वाटतं. पण इथे प्रश्न येतो तो इंग्रजीच्या वळणाचा. पोर्तुगीज माणूस ‘कोंकणी भाषेचं व्याकरण’ असं पूर्ण म्हणतो. इंग्रजीत मात्र भाषेचं नाव घेतलं की ‘भाषा’ हा शब्द बहुतेक वेळा गाळतात. ‘ग्रामर ऑफ मराठी’ एवढंच पुरतं. आणि असं नाव लिहिताना ते सुरुवातीला ‘द’ नाही, ‘अ’ लावतात. ‘अ ग्रामर ऑफ’ अमुक. कारण एकाच भाषेची अनेक व्याकरणं असू शकतात, त्यातलं हे एक. पोर्तुगीजमध्ये पुस्तकाच्या नावात असा ‘अ’ लावायची गरज पडत नाही, म्हणून तो मुळात नाही. पण इंग्रजीत तो आला नाही तर वाचणाऱ्याला खटकतं. मुळात नसलेला शब्द घालावा लागतो आणि असलेला काढावा लागतो. मुलीला हेच पटत नव्हतं. ती म्हणाली, ‘एक शब्द काढला तर ती चोरी नाही का?’

त्यावर तिच्या आईनं, आमच्या वहिनींनी उत्तर दिलं. त्या गोव्यात एका घरी स्वयंपाकाला जायच्या. त्या म्हणाल्या, ‘तिकडची बाई शीत म्हणायची. मी घरी येऊन भात म्हणतंय. शिजवलेला तर तांदूळच ना?’

चौथा शब्द, ‘कानारीं’. इथे खरी गंमत आहे, आणि थोडं दुखणंही आहे. फोननं त्याचं ‘कॅनरीज’ केलं. जुन्या इंग्रजीत कॅनरीज म्हणजे कानडी. म्हणजे तो निबंध वाचणाऱ्याला वाटणार की हे कानडीचं पुस्तक आहे. पण उघडून पाहिलं तर आत कोंकणी. झालं असं, की पोर्तुगीज गोव्यातल्या इथल्या माणसांना ‘कानारीं’ म्हणत आणि त्यांच्या बोलीलाही तेच नाव देत. आपल्या माणसांनी स्वतःला हे नाव दिलं नव्हतं. बाहेरून आलेल्यांनी दिलं. पुढे पुढे तो शब्द हिणवण्यासाठी वापरला जाऊ लागला.

भाषेला हिणवलं की थांबतं थोडंच? १६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयनं फर्मान काढलं, की तीन वर्षांच्या आत इथल्या लोकांनी आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. तीन वर्षांत आईची बोली सोडा! लोकांनी ती सोडली नाही हे आपल्याला आज कानांनीच ऐकू येतं. पण असं फर्मान निघालं होतं हे आम्हाला माहीत नव्हतं.

नंतर १८५७ साली गोव्यातल्याच एका पोर्तुगीज अधिकाऱ्यानं, कुन्या रिव्हारा यांनी, स्टीफन्सचं ते व्याकरण शोधून पुन्हा छापलं. तेव्हा त्यांनी नाव बदललं. ‘आर्ते’च्या जागी ‘ग्रामातिका’ आणि ‘कानारीं’च्या जागी ‘कोंकणी’. बघा, पोर्तुगीजचंच पोर्तुगीजमध्ये भाषांतर करावं लागलं! दोनशेहून जास्त वर्षांत त्यांच्या स्वतःच्या भाषेतलेही शब्द बदलले होते. याच रिव्हारांनी कोंकणीच्या इतिहासावर मोठा निबंध लिहिला आणि लोकांनी आपली मातृभाषा टाकू नये असं बजावलं. त्या निबंधाचं इंग्रजी भाषांतर आपल्या मराठीतले मोठे संशोधक अनंत काकबा प्रियोळकर यांच्या ‘द प्रिंटिंग प्रेस इन इंडिया’ या १९५८ च्या पुस्तकात आहे.

मग मुलीनं काय लिहावं? ‘कानारीं’ तसंच ठेवलं तर इंग्रजी वाचकाला कळणार नाही. ‘कोंकणी’ लिहिलं तर अर्थ बरोबर, पण इथल्या माणसांना कुणी काय नाव दिलं होतं तो इतिहास पुसला जाणार. एक काकी म्हणाल्या, ‘त्यांनी नाव ठेवल्यानी ता पण दिसाक व्हया.’ म्हणजे त्यांनी कसं नाव ठेवलं होतं, तेही दिसलं पाहिजे.

यावर भाषाशास्त्रवाल्यांकडे उत्तर आहे, आणि तेच आज तुम्हाला सांगायचं आहे. ते लोक परक्या भाषेतलं वाक्य देताना तीन ओळी लिहितात. पहिल्या ओळीत मूळ वाक्य, जसंच्या तसं. दुसऱ्या ओळीत त्यातल्या प्रत्येक शब्दाखाली त्या शब्दाचा अर्थ, मग तो वेडावाकडा दिसला तरी चालेल. तिसऱ्या ओळीत अवतरण चिन्हांत तेच म्हणणं, आपल्या भाषेत माणूस जसं बोलेल तसं. जर्मनीतल्या लाइपझिग शहराच्या नावानं हे नियम ओळखले जातात.

एक उदाहरण घेऊ. पोर्तुगीज माणसाला भूक लागली की तो म्हणतो, ‘इश्तोव कों फोमि’. ही झाली पहिली ओळ. दुसरी ओळ, शब्दाखाली शब्द: ‘आहे मी, सोबत, भूक’. आणि तिसरी ओळ: ‘मला भूक लागली आहे’. इंग्रजीत तिसरी ओळ होईल ‘आय ॲम हंग्री’. इंग्रजी माणूस ‘आय ॲम विथ हंगर’ म्हणणार नाही. तसंच वय सांगताना पोर्तुगीज बाई म्हणते, ‘माझ्याकडे तीस वर्षं आहेत’. ही दुसरी ओळ. तिसऱ्या ओळीत ती तीस वर्षांची आहे, बस्स. आणि आपण तरी काय म्हणतो? ‘मला भूक लागली.’ भूक काय लागायला माती आहे की शाई? दुसऱ्याच्या भाषेतला वेडेपणा आपल्याला दिसतो, स्वतःच्या भाषेतला दिसत नाही.

दुसरी ओळ आणि तिसरी ओळ, दोन्ही लागतात. दुसरी नसेल तर भाषांतर करणाऱ्यानं मनचं काही घातलं का, ते तपासता येत नाही. तिसरी नसेल तर ज्याच्यासाठी केलं त्याला काही कळत नाही. फोननं जे दिलं होतं ती दुसरी ओळ होती, तीही जरा चुकलेली. मुलीनं ती तिसरी म्हणून छापली. चूक एवढीच.

पुस्तकाच्या नावालाही अशीच रीत आहे. मूळ नाव पोर्तुगीजमध्ये तसंच ठेवायचं, आणि पुढे कंसात नैसर्गिक इंग्रजी अर्थ द्यायचा. मुलीनं शेवटी लिहिलं, ‘आर्ते दा लिंग्वा कानारीं’, आणि कंसात ‘अ ग्रामर ऑफ कोंकणी’. त्याखाली एका वाक्यात सांगितलं, की कानारीं हे पोर्तुगीजांनी दिलेलं नाव असून त्याचा अर्थ इथे कानडी नव्हे. मूळ जसंच्या तसं राहिलं, नाव ठेवणं दिसलं, आणि वाचणाऱ्याला कळलंही.

तिनं अजून एका पुस्तकाचं नाव सांगितलं, तेही फार छान आहे. बार्देशातल्या आसगावचे सेबास्तियांव रुदोल्फु दाल्गादु, जन्म १८५५. त्यांनी पोर्तुगीज शब्द आशियातल्या भाषांत कुठे कुठे जाऊन बसले, याचा मोठा कोश १९१३ मध्ये काढला. त्याचं नाव शब्दाला शब्द लावलं तर होतं, ‘पोर्तुगीज शब्दसंग्रहाचा आशियाई भाषांतील प्रभाव’. १९३६ साली बडोद्याला, गायकवाडांच्या ग्रंथमालेत, त्याचं इंग्रजी भाषांतर निघालं. ते करणारे अँथनी झेवियर सोआरिश यांनी इंग्रजी नाव ठेवलं, ‘पोर्च्युगीज व्होकेबल्स इन एशियाटिक लँग्वेजेस’. म्हणजे आशियाई भाषांतले पोर्तुगीज शब्द. ‘प्रभाव’ शब्दच गेला! पण पुस्तकात आहे काय? शब्दच आहेत, ओळीनं मांडलेले. वाचकाला आत काय मिळणार ते या नावातून चटकन कळतं.

आणि ते शब्द कुठले? चावी, पगार, पाव, बटाटा, घमेलं, लिलाव. आमच्या गटाच्या पेटीला चावी आहे, काजू फोडणाऱ्या बायकांना पगार आहे, अंगणात घमेलं आहे. हे सगळे पोर्तुगीजमधून आले आणि आपलेच झाले. शब्द रुळला की त्याला तिसरी ओळ लागत नाही. जो रुळलेला नाही, त्याला लागते.

आता आमची गोष्ट.

तीन वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या दहा बायकांनी मिळून एका वित्तसंस्थेकडून कर्ज घेतलं. प्रत्येकीला वीस हजार, असे दोन लाख. करारनामा इंग्रजीत होता आणि त्याला मराठी प्रत जोडलेली होती. त्यात एक ओळ होती, ‘सर्व सदस्य संयुक्तपणे व पृथकपणे जबाबदार राहतील.’ सह्या करायच्या आधी कागद वाचून दाखवायचं काम आमचं. शिकलेल्या आम्ही, समन्वयक आम्ही. काकींनी विचारलं, ‘पृथक म्हणजे काय गो?’ आम्ही म्हटलं, पृथक म्हणजे वेगवेगळं. आपापलं. काकींनी मान हलवली आणि सही केली. त्यांना कळलं ते असं, की आपला वाटा आपण भरायचा.

दीड वर्षानं दोन बायकांचे हप्ते थकले. एकीचा नवरा अंथरुणाला खिळला, दुसरी मुलांना घेऊन मुंबईला गेली. थकबाकी अठ्ठावीस हजारांवर गेली. वसुलीवाले काकींच्या दारात उभे राहिले, कारण काजूच्या हंगामाचे पैसे त्यांच्या खात्यात होते. काकी म्हणाल्या, माझे हप्ते भरून झाले आहेत. त्यांनी कागदावर बोट ठेवलं.

मैत्रिणींनो, त्या ओळीचा अर्थ असा आहे, की कर्ज देणारा सगळ्यांकडून मिळून पैसे मागू शकतो, किंवा कुठल्याही एकीकडून सगळेच्या सगळे मागू शकतो. ‘पृथकपणे’ म्हणजे आपापला वाटा नव्हे. एकटीकडून पूर्ण. शब्दकोशात बघितलं तर पृथक म्हणजे वेगळं, आम्ही सांगितलं ते शब्दाला धरून बरोबर होतं. आणि अर्थाला धरून उलटं. ‘आर्ते’चं ‘आर्ट’ झालं होतं.

काकींनी ते पैसे भरले. ते पैसे त्यांनी घराची कौलं बदलायला ठेवलेले. त्या वर्षीचा पाऊस त्यांनी ताडपत्रीखाली काढला. आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हा चुलीजवळ एक पातेलं ठेवलेलं, गळतीखाली. त्या आम्हाला एकच वाक्य बोलल्या, ‘तूच वाचलंस ना गो.’ रागावून नाही बोलल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

नंतर आम्ही एका वकीलबाईंना विचारलं. त्यांनी भारतीय करार कायदा, १८७२, याचं कलम ४३ दाखवलं. अनेकांनी मिळून वचन दिलं असेल आणि करारात दुसरं काही ठरलेलं नसेल, तर समोरचा त्यांतल्या कुणाही एकाकडून पूर्ण वचन पाळून घेऊ शकतो. पण त्याच कलमात पुढे असंही आहे, की ज्यानं सगळं भरलं तो बाकीच्यांकडून त्यांचा त्यांचा सारखा हिस्सा मागू शकतो. हे काकींना आधी माहीत असतं, तर त्या एकट्या पडल्या नसत्या. गटानं मग बैठकीत ठराव केला, आणि दर महिन्याला थोडे थोडे करून काकींचे पैसे परत दिले. शेवटचा हप्ता याच शिमग्याला दिला. कौलं आता चढली आहेत. पण तो एक पाऊस काही आम्हाला परत देता आला नाही.

गणपतीत ती मुलगी आपल्या चार शब्दांबद्दल पडवीत बोलत होती, तेव्हा काकीही तिथेच होत्या. तीन ओळींचं ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, ‘आमच्या कागदाक पण अशे तीन ओळी घाला.’ त्या दिवसापासून आमच्या गटात एक वेगळी वही आहे. कुठलाही कागद सहीला आला, की त्यातली अडलेली ओळ त्या वहीत उतरते. पहिली ओळ, कागदावर आहे तशी. दुसरी ओळ, एकेका शब्दाचा अर्थ. तिसरी ओळ, आमच्या मालवणीत, काकी जशा बोलतील तशी. ‘पृथकपणे’वाल्या ओळीखाली आज असं लिहिलेलं आहे: ‘एकीन नाय भरल्यान तर दुसरेच्या दारात येतले, आणि सगळे मागतले.’

तिसरी ओळ आम्ही लिहीत नाही. जिला सही करायची ती सांगते आणि आम्ही उतरवून घेतो. मग तोच कागद ज्यांचा आहे त्यांना ती ओळ वाचून दाखवतो आणि विचारतो, हाच अर्थ ना? त्यांनी हो म्हटलं तर सही. नाही म्हटलं, किंवा ‘तसंच काहीतरी’ म्हटलं, तर सही नाही. कागद पुढच्या बैठकीला. यामुळे एकदोन कामं रखडली, एक साहेब वैतागलेही. वैतागू देत.

तुमच्याही गटात हे करता येईल. त्यासाठी एक शंभर पानी वही आणि एक शाळेत जाणारी मुलगी पुरे. फोनचं भाषांतर घ्या, त्यात वाईट काही नाही. पण ती दुसरी ओळ आहे हे विसरू नका. तिसरी ओळ माणसानंच लिहायची, आणि ज्याच्या अंगावर ते येणार आहे त्यानं.

मुलीचा निबंध परत गेला. या वेळी त्या नावाखाली लाल रेघ नव्हती. तिनं फोन करून आधी काकींना सांगितलं, मग आईला.

आज इथेच थांबतो. पुढच्या वेळी काजूची टरफलं सोलताना हाताला चीक लागू नये म्हणून काय करायचं, त्याबद्दल बोलू. तोवर घरातल्या कपाटात एखादा सही केलेला कागद असेल, तर तो आज संध्याकाळी काढून बघा. सगळ्यांना नमस्कार.